‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी सुरक्षित’ हे विधान दुरुस्त करावे

नको असलेले केस काढण्यासाठी केला जाणारा आयपीएल (इन्टेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत सोडण्याचा) उपचार सर्व प्रकारच्या त्वचेसाठी सुरक्षित असल्याचे तुमच्या लेखात सरसकट म्हटले आहे, ते मला मान्य नाही. आयपीएल म्हणजे लेसर नव्हे. लेसरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, तर आयपीएलमध्ये साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा पट्टा फिल्टरमधून सोडला जातो, आणि त्यातील आखूड तरंगलांबीचा बराचसा प्रकाश केसाच्या मुळाशी पोहोचण्याआधीच सावळ्या त्वचेतील मेलॅनिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य) शोषून घेते. त्यामुळे त्वचा भाजण्याचा आणि नंतर काळे डाग राहण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा आपल्याकडे निश्चितच अधिक असतो.

माझ्या भाचीने लग्नाआधी, ऐन एप्रिलमध्ये, नागपुरातील एका पार्लरमध्ये पायांवर हा उपचार करून घेतला. रोज स्कूटीवरून उन्हातान्हात फिरणाऱ्या या मुलीला उन्हाविषयी कोणी काही विचारले नाही, की आधी लहानशा जागेवर चाचणीही घेतली नाही. दोन्ही नडग्यांवर यंत्राच्या काचेच्या आकाराचे, आखीव चौकोनी तपकिरी डाग उमटले आणि ते फिकट व्हायला कित्येक महिने लागले. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो, कारण त्या तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिनकडून कमी शोषला जातो. लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा, ही मोठी उणीव आहे. विदर्भातील वाचकांसाठी लिहिताना उन्हाळ्यात हे उपचार टाळावेत आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, एवढे तरी लेखात जोडावे, ही विनंती.