‘गोळ्यांवरच भागवा, ऑपरेशन नको’ या सल्ल्याला उत्तर

पुण्यातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत तरी प्रोस्टेटचं ऑपरेशन करू नका. लघवीवरचा ताबा जातो, पुरुषत्व जातं, ग्रंथी पुन्हा वाढते. जितकं लांबवाल तितकं बरं.’ तळजाईवर फिरायला येणारे काकालोक तो एकमेकांना वाचून दाखवतात. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी; वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट अडवते. त्यामुळे रात्री चार-चारदा लघवीला उठणारा माणूस यावर विश्वास ठेवून गप्प बसतो, म्हणून लिहितोय.

ताबा जातो? या ऑपरेशनात दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडतात. त्यानंतर काही आठवडे जळजळ, घाई, थोडी गळती होते. बहुतेकांची ती थांबते. कायमची गळती शंभरात एखाद्यालाच. अमेरिकेत मध्यम त्रासाच्या ५५६ पुरुषांवरचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. ऑपरेशन झालेल्यांमध्ये ना गळती जास्त आढळली, ना नपुंसकत्व.

पुरुषत्वाबद्दल मात्र अर्धं खरं आहे. ताठरता सहसा टिकते, पण बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. अपाय नाही, पण हे कायमचं असतं. डॉक्टरांनी ते आधी सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर आपण विचारावं. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या प्रोस्टेटसाठीच्याच गोळ्यांनीही असं होऊ शकतं, हे त्या मजकुरात नाही.

ग्रंथी पुन्हा वाढते, हो; पण बहुधा बऱ्याच वर्षांनी, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन थोड्यांनाच लागतं.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं: ‘जितकं लांबवाल तितकं बरं.’ अडलेल्या वाटेतून लघवी ढकलता ढकलता मूत्राशयाचा स्नायू थकतो. लघवी शिल्लक राहते, संसर्ग होतो, खडे होतात, कधी दाब किडनीपर्यंत पोहोचतो. स्नायू पार थकला की वाट मोकळी करूनही धार सुधारेलच असं नाही. त्याच अभ्यासात आधी थांबून नंतर ऑपरेशन केलेल्यांना सुरुवातीलाच केलेल्यांपेक्षा कमी फायदा झाला.

घाईही नको. ग्रंथी आकसवणाऱ्या फिनास्टेराइडसारख्या गोळीला सहा महिने लागतात. पंधरा दिवसांत ती ‘फेल’ ठरवू नका. जुना मधुमेह किंवा पार्किन्सन असेल तर त्रास ग्रंथीचा की मूत्राशयाचा, हे युरोलॉजिस्टकडून तपासून घ्या. आणि ऑपरेशननंतरही ग्रंथीचा बाहेरचा भाग राहतोच, तेव्हा पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहणारी रक्ताची) तपासणी पुढे किती दिवसांनी करायची तेही विचारून ठेवा.