टॅबलेट का बंद पडला, हे त्याच्यात नोंदलेलं असतं. मग ते मालकाला का सांगत नाहीत?

अपडेट घेतल्यापासून टॅबलेट मध्येच बंद पडून आपोआप सुरू होतोय, असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॅक्टरी रीसेट मारून टाका. हेल्पलाइनवर तोच, दुरुस्तीच्या काउंटरवर तोच, घरातल्या जाणत्या पोरांकडूनही तोच. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. रीसेटने फरक पडतच नाही असं माझं म्हणणं नाही, कधी कधी पडतो. पण बिघाड कशामुळे आहे हे न बघता माणसाला त्याचा सगळा डेटा पुसायला लावणं, याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

माझ्या मावशीच्या टॅबलेटचं हेच झालं. अपडेटनंतर तो सारखा रीस्टार्ट व्हायला लागला म्हणून तिने दुरुस्तीला दिला. बॅकअप आहे का, हे तिथे कुणी धड विचारलं नाही. रीसेट करून टॅबलेट हातात ठेवला. नातीच्या बोबड्या बोलांची रेकॉर्डिंग्ज होती त्यात, ती गेली. आणि घरी येऊन तिने व्हिडिओ कॉल लावला, तर दोन वाक्यं बोलून होईपर्यंत स्क्रीन काळी. दोष बॅटरीत होता. बॅटरी बदलल्यावर टॅबलेट आजही नीट चालतोय. रेकॉर्डिंग्ज काही परत आली नाहीत.

आता ज्या गोष्टीची मला खरी चीड आहे ती सांगतो. टॅबलेट मागच्या वेळी का बंद पडला, याची नोंद त्याच्यात होत असते. अँड्रॉइड सुरू होताना आधीच्या बंद पडण्याचं कारण साठवून ठेवतं: कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभाच कोसळणं), वॉचडॉग (अडकलेल्या सिस्टिमला सक्तीने रीस्टार्ट करणारा पहारेकरी), तापमान जास्त झालं, बॅटरी संपली, वापरणाऱ्याने स्वतः रीस्टार्ट केलं. अँड्रॉइड 9 पासून ही कारणं लिहिण्याची पद्धतही ठरवून दिलेली आहे. पण ती वाचायची तर डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डीबगिंग चालू करा, टॅबलेट कॉम्प्युटरला जोडा आणि एडीबीवर, म्हणजे डेव्हलपरांच्या कॉम्प्युटरवरच्या टूलवर, कमांड द्या. मावशीने हे कसं करायचं? आयपॅडवर कॉम्प्युटर लागत नाही एवढंच. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स, मग अ‍ॅनालिटिक्स डेटा. तिथल्या लांबलचक यादीत ‘पॅनिक-फुल’ने सुरू होणारी फाइल असेल, तर सिस्टिमचा गाभाच कोसळला होता असं समजायचं. फाइलच्या आतला मजकूर मात्र इंजिनिअरने इंजिनिअरसाठी लिहिलेला.

टॅबलेट परत सुरू झाल्यावर स्क्रीनवर एक ओळ दाखवायला काय हरकत आहे? ‘बॅटरी पुरेसा दाब (व्होल्टेज) देऊ शकली नाही म्हणून बंद झालो.’ ‘फार तापलो म्हणून बंद झालो.’ नेमकं कारण कळलं नसेल, तर ‘वीजपुरवठा अचानक तुटला’ एवढं तरी. माहिती आत आहे, ती साध्या भाषेत मालकापर्यंत पोहोचवायची आहे. एवढी एक ओळ असती, तर निम्मे रीसेट टळले असते असं मला वाटतं.

आणि न सांगण्याची किंमत काय असते, हे एकदा जगाने बघितलं आहे. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की अचानक जास्त वीज लागताच फोन बंद पडायचे. त्यावर अ‍ॅपलने जानेवारी 2017 मध्ये आयओएस 10.2.1 हे अपडेट दिलं. त्यात थकलेली बॅटरी असेल तर प्रोसेसरचा वेग रोखण्याची सोय होती. तांत्रिक दृष्ट्या हा उपाय वाईट नव्हता, फोन बंद पडणं कमी झालं. पण वेग कमी केला जातोय हे लोकांना स्पष्ट सांगितलं नव्हतं. डिसेंबर 2017 मध्ये ते बाहेर आल्यावर कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि पुढच्या वर्षी आयओएस 11.3 मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान द्यावं लागलं. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सच्या ग्राहक यंत्रणेने 2.5 कोटी युरोंचा दंड केला, तोही ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून. कितीतरी लोकांनी त्याआधी ‘फोन जुना झाला’ असं समजून नवे घेतले असतील. बॅटरी बदलून भागलं असतं.

यातली मूळ गोष्ट टॅबलेटलाही लागू आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला रोध, म्हणजे वीज वाहण्याला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा, व्हिडिओ कॉल, गेम यांना एकदम जास्त करंट लागतो, त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली येतो आणि सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. चार्ज चाळीस टक्के दिसत असतानाही हे होतं. अपडेटने प्रोसेसरवरचा ताण थोडा वाढवला, की कालपर्यंत कशीबशी निभावणारी बॅटरी आज उघडी पडते. म्हणजे दोष अपडेटच्या आधीपासून होता, तो दिसला नंतर. रीसेट करून बॅटरी नवी होत नाही.

मग घरच्या घरी काय बघायचं? सगळ्यात आधी घाई करायची नाही. अपडेटनंतरचे एक-दोन दिवस टॅबलेट आत बरंच काम करत असतो, अ‍ॅप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार करतो, फोटोंची सूची नव्याने लावतो. त्या काळात तापणं आणि रेंगाळणं समजू शकतो. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर हे काम आणखी अडतं, म्हणून काही जीबी जागा मोकळी करा. प्ले स्टोअरमधून सगळी अ‍ॅप्स अपडेट करा, ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’सकट (अ‍ॅप्सच्या आत वेबपेज दाखवणारा घटक). मार्च 2021 मध्ये या एका घटकाच्या बिघाडामुळे जगभर अँड्रॉइडवरची अ‍ॅप्स धडाधड बंद पडत होती, आणि लोक बिचारे एकेका अ‍ॅपला दोष देत होते.

त्यानंतर एक जागा बघा, जिच्याकडे फारसं कुणी जात नाही. बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटमध्ये सेटिंग्ज, अबाउट टॅबलेट, स्टेटस या वाटेने गेलं की ‘अप टाइम’ दिसतो: शेवटचा पूर्ण बंद होऊन सुरू झाल्यापासून किती वेळ झाला. टॅबलेट नुकताच तुमच्यासमोर रीस्टार्ट झाला आणि इथे आकडा शून्याजवळ आला असेल, तर तो खरोखर मुळापासून बंद पडला होता. कंपनीचा लोगो फिरून आला, पण इथला आकडा ‘61:20:05’ (तास:मिनिटं:सेकंद) असा चालूच असेल, तर मशीन बंद पडलंच नव्हतं, फक्त वरची सिस्टिम कोसळून पुन्हा उभी राहिली. अशा वेळी बॅटरीवर संशय घेण्यात अर्थ नाही. शोध सॉफ्टवेअरमध्येच घ्यायचा. एका आकड्यावरून निम्मी शक्यता बाजूला पडते, आणि हे कुठल्याही हेल्पलाइनने मला कधी सांगितलेलं नाही.

मुळापासून बंद पडत असेल तर कधी पडतो ते लिहून ठेवा. फक्त चार्जरवरून काढल्यावर, जड अ‍ॅप चालू असताना? बॅटरी. फक्त चार्जिंगला लावल्यावर? दुसरा चार्जर, दुसरी केबल लावून बघा. हाताला चटका बसावा इतका तापल्यावर? कव्हर काढा. कव्हर तसंही काढून बघाच, कारण काही कव्हरांची कड पॉवर बटणावर दाब देत राहते, आणि ते बटण काही सेकंद दाबलेलं राहिलं की काही टॅबलेट सक्तीने रीस्टार्ट होतात. मेमरी कार्ड असेल तर तेही काही दिवस बाहेर ठेवा. रोज ठरावीक वेळीच होत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ऑटो रीस्टार्ट’ चालू आहे का ते बघा. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली, तर बाकी सगळं सोडा. चार्जिंग बंद, वापर बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नाही, थेट बॅटरी बदलायला.

सॉफ्टवेअरचा संशय असेल तर सेफ मोड. बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटमध्ये पॉवर बटण दाबून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचं विचारतं. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. एरवी दिवसात अनेकदा पडणारा टॅबलेट सेफ मोडमध्ये दिवसभर नीट चालला, तर गुन्हेगार तुमच्याच अ‍ॅप्समध्ये आहे. अलीकडे टाकलेली अ‍ॅप्स एकेक करून काढा. काही टॅबलेटमध्ये रिकव्हरीतून, म्हणजे सिस्टिम सुरू न करता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून, ‘वाइप कॅश पार्टिशन’ (सिस्टिमच्या तात्पुरत्या फाइल्स पुसणं) करता येतं, त्याने फोटो-फाइल्स जात नाहीत. पण त्याच यादीत अगदी शेजारी ‘वाइप डेटा/फॅक्टरी रीसेट’ असतं आणि तिथे निवड व्हॉल्यूम बटणांनी होते, तेव्हा ओळ दोनदा वाचूनच पॉवर बटण दाबा. नव्या मॉडेलांत कॅशची ही सोय बहुधा नसते. आयपॅड असेल तर कॉम्प्युटरला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्या आणि ‘रिस्टोअर’ऐवजी ‘अपडेट’ निवडा. सिस्टिम नव्याने बसते, डेटा राहतो. ‘रिस्टोअर’ने सगळं पुसलं जातं.

आणखी एक पडदा ओळखून ठेवा. सिस्टिम वारंवार कोसळली की अँड्रॉइड (8.0 पासून, म्हणजे 2017 पासून) स्वतःच सावरायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर रिकव्हरीत जाऊन दोनच पर्याय देतं: पुन्हा प्रयत्न करा, किंवा फॅक्टरी रीसेट. घाबरलेला माणूस रीसेट दाबतो. आधी पुन्हा प्रयत्न करा. टॅबलेट थोडा वेळ जरी सुरू झाला तरी पहिलं काम बॅकअपचं.

जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल का, असं बरेच जण विचारतात. सहसा नाही. अ‍ॅपल जुन्या आवृत्त्यांना मान्यता देणं काही काळाने थांबवतं, आणि बऱ्याच अँड्रॉइड उपकरणांतही मागे जाण्याला कुलूप असतं. सुरक्षेसाठी हे कुलूप योग्य आहे, अपडेट्स टाळा असंही मी कुणाला सांगणार नाही. पण परतीचा रस्ता कंपनीने बंद केला असेल, तर पुढे टाकलेल्या पावलाची जबाबदारीही कंपनीचीच. दुरुस्तीला देताना म्हणूनच एका कागदावर लिहून द्या: कोणत्या आवृत्तीनंतर सुरू झालं, अप टाइम शून्यावर येतो की नाही, सेफ मोडमध्ये होतं का, चार्जरवर असताना होतं का. खाली लिहा, ‘मला विचारल्याशिवाय रीसेट करू नये’, आणि त्याची पोच घ्या.

इतकं सगळं करूनही रीसेटच करावा लागला तर जरूर करा. आधी बॅकअप घ्या आणि त्यातला एखादा फोटो दुसऱ्या उपकरणावर उघडून बघा. टॅबलेटमध्ये जे गूगल किंवा अ‍ॅपलचं खातं आहे त्याचा पासवर्ड पाठ असल्याची खात्री करा, नाहीतर रीसेटनंतर टॅबलेट तुम्हालाच आत घेणार नाही. आणि सगळी अ‍ॅप्स लगेच परत भरू नका. दोन-तीन दिवस कोराच वापरा. कोरा टॅबलेटही मुळापासून बंद पडला, तर दोष हार्डवेअरचा असण्याची शक्यता सर्वात जास्त. मग बॅटरी तपासायला सांगा, आणि पुन्हा रीसेट करू देऊ नका.