कोणी विचारत नाही हो

शेजारच्या काकू दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाहीत. फाटकापाशी समोरासमोर आलो की त्यांना अचानक तुळशीला पाणी घालायचं आठवतं. कारण एक पाकीट. खाकी कागदाचं, चारी बाजूंनी सेलोटेप मारलेलं, वर स्केचपेननं पोराचं नाव आणि शारजाचा मोबाइल नंबर.

मी आईला घेऊन ताईकडे शारजाला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, निघालो होतो. आपल्या नागपुरात कोणी परदेशी निघालं की व्हिसा यायच्या आधी पाकिटं यायला लागतात. संत्रा बर्फी, चिवडा, लिंबाचं लोणचं, कोण्या देवीचा अंगारा. आणि औषधं. औषधं हमखास. काकूंचा पोट्टा तिकडे तीन वर्षांपासून नोकरीला आहे, कंबर धरते त्याची. "तिकडचे डॉक्टर लय पैसे घेतात रे, अन् त्याले इथलीच गोळी लागू पडते," असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं. हेही त्यांना आवडलं नाही. आत खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि दुखण्याच्या गोळ्यांच्या दहा स्ट्रिप. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली. पॅरासिटामॉल, आणि त्याच्या सोबतीला ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या घराण्यातलं दुखणं मारणारं औषध. बाटलीवर कोडीन, तेही त्याच घराण्यातलं.

"काकू, हे मला नाही नेता येणार."

"काहून? बॉम्ब आहे का त्याच्यात?"

"तिकडे हे चालत नाही."

"कोणी विचारत नाही रे बाप्पा. मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं नेलं होतं."

हे 'कोणी विचारत नाही' वाक्य पुढच्या पंधरा दिवसांत मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी ही पोस्ट लिहायला बसलो. भाच्याला विचारलं नाही, म्हणजे भाच्याला विचारलं नाही, एवढंच. त्यावरून नियमाबद्दल काहीच कळत नाही. हेल्मेट न घालता व्हरायटी चौकातून गेलो आणि पोलीस नव्हता, असं आहे ते.

ट्रामाडॉल आपल्याकडेही आता साधी गोळी राहिलेली नाही. २०१८ साली सरकारनं ती एनडीपीएस कायद्याखाली आणली, म्हणजे ज्या कायद्यात गांजा आणि अफू आहेत त्याच कायद्यात. त्यालाही कारण होतं. मे २०१७ मध्ये इटलीतल्या जेनोवा बंदरात तीन कंटेनर पकडले, त्यात भारतातून निघालेल्या ट्रामाडॉलच्या ३ कोटी ७० लाख गोळ्या होत्या, लिबियाकडे चाललेल्या. त्या भागात ही गोळी नशेसाठी खातात. त्याच वर्षी एक ब्रिटिश बाई आपल्या जोडीदाराच्या पाठदुखीसाठी २९० ट्रामाडॉल घेऊन इजिप्तला उतरली. तीन वर्षांची शिक्षा झाली तिला. वर्षाहून जास्त काळ ती तिथल्या तुरुंगात होती. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती गोरी होती, तिच्यावर नजर गेली असंल."

आता यापुढे काय बोलणार.

पण काकूंना नाही म्हणून मी फार शहाणा ठरलो असं समजू नका. त्याच रात्री ताईचा फोन आला, "आईच्या गोळ्यांची नावं पाठव, इथे तपासून पाहते." मी आईचा डबा काढला. तो सात खणांचा प्लास्टिकचा डबा तुमच्याही घरी असेल, सोम-मंगळ लिहिलेला. गोळ्या सगळ्या स्ट्रिपमधून काढून भरलेल्या. पांढरी गोल, पांढरी लांबट, गुलाबी, अर्धी तोडलेली पिवळी. आईला विचारलं, ही कुठली? "ती बीपीची." ही? "ती थायरॉईडची, उपाशीपोटी." ही कॅप्सूल? "ती नसांची. ताकदीची आहे."

ताकदीच्या त्या कॅप्सूलची स्ट्रिप शोधली तर सापडली अर्धीच. मेडिकलवाला कात्रीनं मोजून कापून देतो ना, त्यात औषधाचं नाव गेलं होतं. चंदेरी तुकड्यावर शेवटची तीन-चार अक्षरं, '…बालिन', एवढीच उरली. ते होतं प्रीगाबालिन. मधुमेहामुळे पायाची आग होते त्यावर देतात. आपल्याकडे हे बी-१२ व्हिटॅमिनसोबत एकाच कॅप्सूलमध्ये येतं, म्हणून घराघरात ती 'नसांची', 'ताकदीची' झाली आहे. संयुक्त अरब अमिरातीत प्रीगाबालिन नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. ब्रिटननंही एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित केलं. आणि झोपेची ती अर्धी पिवळी? अल्प्राझोलाम. तीही यादीत.

म्हणजे काकूंचं पाकीट परत करून मी ऐटीत घरी आलो आणि माझ्याच आईच्या डब्यात दोन.

नेता येत नाही असं नाही. तिथल्या सरकारी खात्याकडे निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करायचा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल, पासपोर्टची प्रत. परवानगीचं पत्र येतं. अर्ज ताईनं भरला. कागद मात्र नागपुरात गोळा करायचे होते, आणि खरी गंमत इथे आहे.

आईची फाइल धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे. माणूस चांगला, हाताला गुण आहे, पण अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेल्यासारखं. चिठ्ठीवर आईचं नाव नुसतं आडनावानं, वय चार वर्षांनी कमी. मी म्हटलं, डॉक्टर, एक पत्र पाहिजे. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, आजार, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, किती दिवसांसाठी, खाली सही-शिक्का आणि तुमचा नोंदणी क्रमांक. ते हसले. "कोणी विचारत नाही हो. आमचे इतके पेशंट जातात अमेरिकेला."

घ्या. डॉक्टरही तेच.

औषधाचं मूळ नाव लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरात आणि वाचता येईल असं लिहा, हा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासूनचा आहे. मी काही जगावेगळं मागत नव्हतो. मूळ नाव का पाहिजे, तर आपली ब्रँडची नावं बाहेर कोणालाच ठाऊक नसतात. एवढंच काय, कधीकधी मूळ नावही बदलतं. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत असेटामिनोफेन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडे आल्ब्युटेरॉल. शेवटी मी घरून पत्र टाइप करून नेलं, त्यांनी लेटरहेडवर छापून सही केली. दोन चकरा आणि अडीच तास. सहीला लागलेली मिनिटं दोन.

मग मेडिकल. (नागपूरबाहेरच्या मंडळींसाठी: आमच्याकडे 'मेडिकलला नेलं' म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. मी चौकातल्या औषधांच्या दुकानाबद्दल बोलतो आहे.) गेली बारा वर्षं तिथून औषधं घेतो, एकदाही बिल घेतलं नाही. भाऊ हिशेब जुन्या डब्याच्या पुठ्ठ्यावर करतात, वरचे रुपये सोडतात, सुट्ट्याच्या जागी चॉकलेट देतात. मी म्हटलं, "४५ दिवसांचं द्या, पूर्ण स्ट्रिप, न कापता, आणि पक्कं बिल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जणू मी इन्कम टॅक्समधून आलो. बिल निघालं तर त्यावर पेशंटचं नाव माझं! कारण त्यांच्या कॉम्प्युटरात मीच. कागदावर पाहिलं तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या बॅगेत पन्नाशीतल्या माणसाची झोपेची गोळी. पुन्हा बिल काढलं, आईच्या नावानं. "एवढं कोणी पाहत नाही ना भाऊ," असं ते बोललेच.

माझं म्हणणं इतकंच आहे की भानगड तिकडच्या विमानतळावर सुरू होत नाही, ती आपल्या चौकातल्या काउंटरवर सुरू होते. चिठ्ठीशिवाय गोळी, कापलेली स्ट्रिप, बिल नाही, 'ती पांढरी द्या ना, मागच्या वेळची'. आपण याला आपुलकी म्हणतो, आणि आहेही ती आपुलकी. रात्री साडेदहाला त्याच भाऊंनी शटर अर्धं वर करून आईला औषध दिलेलं आहे, ते मी विसरणार नाही. पण त्या आपुलकीपायी आपण काय गिळतो हे आपल्यालाच माहीत नसतं. आईला चार वर्षं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि डबा दर रविवारी मीच भरत होतो.

मग खसखस. हे ताईनं शेवटच्या आठवड्यात सांगितलं म्हणून वाचलो. आईनं इतवारीतून पाव किलो खसखस आणून ठेवली होती, तिकडे अनारसे करायचे म्हणून, आणि सावजी मसाला घरी कुटला होता, त्यातही खसखस. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापुरातही. अफूच्याच बोंडातलं बी ते. आईला हे समजावताना माझी जी फेफे उडाली ती प्रीगाबालिनच्या वेळीही उडाली नव्हती. "खसखस खाऊन कोणाला नशा झाली आजवर?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मसाला घरीच राहिला.

बाकी देशांचं थोडक्यात, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जपानला महिन्याभराच्या औषधाला सहसा आडकाठी नाही, त्याहून जास्त न्यायचं तर आधी परवाना काढायचा. पण सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती बंदच. काही मुलांना लक्ष लागत नाही म्हणून अ‍ॅम्फेटामिन देतात, ते तर डॉक्टरांच्या चिठ्ठीनंही नेता येत नाही. अमेरिका साधारण ९० दिवसांपुरतं स्वतःचं औषध येऊ देते. आणि 'आयुर्वेदिक आहे, त्याला कोण काय म्हणतं' हा भरवसा सोडा. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पुडीतल्या बिननावाच्या चूर्णाबद्दल तर विचारूच नका. आणि हो, वाटेत ज्या देशात विमान बदलता त्याचेही नियम पाहून घ्या. सामान मध्येच उचलावं लागलं तर तिथला कस्टम लागतो.

इन्शुलिनबद्दल मात्र थांबून सांगतो, आई तेही पेनानं टोचून घेते. ती पेनं हातातल्या बॅगेतच ठेवा. खालच्या सामानात थंडीनं ती गोठू शकतात, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ दिसलं तरी कामाचं राहत नाही. पिशवीत बर्फाचा पॅक ठेवायचा तर तो पेनांना चिकटून नको, मध्ये रुमाल घाला. द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा गरजेच्या औषधाला लावत नाहीत, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. सुरू केलेलं पेन बहुतेक कंपन्या ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतं म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात ३० अंश कुठे असतात? कूलरसमोरही नसतात.

निघायची रात्र. सोनेगाव विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत जवानानं पिशवी उघडली. चार पेनं, सुयांचा डबा. "माताजी, ये क्या है?" आईनं मोठ्या रुबाबात प्लास्टिकच्या फोल्डरमधून पत्र काढलं, शाळेत निकाल दाखवावा तसं. त्यानं दोन ओळी वाचल्या, मान डोलावली, झालं. शारजाला उतरलो. माझ्या हातात पत्र, बिलं, परवानगीचा कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. बॅगा मशिनमधून गेल्या, पट्ट्यावरून बाहेर आल्या. समोरच्या माणसानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोणी विचारलं नाही!

खोटं कशाला सांगू, क्षणभर राग आला. एवढी धावपळ केली, निदान एकानं तरी फोल्डर पाहायला नको? आई म्हणाली, "विचारलं नाही ते बरं झालं ना रे." तिथे दिवाळीत अनारसे झाले, वरून तीळ लावले. आईच्या मते ते अनारसे नव्हतेच.

परत आल्यावर कळलं, काकूंचं पाकीट पोचलं. त्यांच्या ओळखीतला कळमेश्वरकडचा एक पोट्टा पहिल्यांदाच नोकरीसाठी तिकडे जात होता, त्याच्या बॅगेत दिलं. "त्यालेही कोणी विचारलं नाही," हे काकूंनी मला नाही, आईला सांगितलं, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाविशीचा पोरगा. घरच्यांनी कर्ज काढून धाडलेला. इंग्रजी जेमतेम. आत काय आहे हे त्याला सांगितलं होतं का, हे मला विचारायचं आहे. पण काकू तुळशीपाशी आणि मी फाटकात.

मेडिकलवाले भाऊ आता मला लांबून पाहिलं की पोऱ्याला आवाज देतात, "पासपोर्टवाले आले रे, कात्री ठेव." आईचं पूर्ण नाव त्यांच्या कॉम्प्युटरात चढलं आहे. आडनावात एक चूक आहे, ती उद्या सांगणार आहे.