पॉइंटरचे टक्के करून मिळतील

मुंबईकडची इंजिनिअरिंगची पोरं 'मार्क किती?' असं विचारत नाहीत. विचारतात, 'पॉइंटर किती?' समोरून 'सेव्हन पॉइंट एट फोर' असं उत्तर येतं, 'सही आहे' म्हणतात आणि वडापाव खायला जातात. पोरांपुरता विषय तिथे मिटतो. आईबापांचा तिथून सुरू होतो, कारण हा आकडा पुढे नातेवाइकांना सांगायचा असतो, फॉर्मात भरायचा असतो, आणि कॉलेजच्या गेटबाहेर तो कुणाच्याच गळी उतरत नाही.

आमच्या मुक्ताचा सीजीपीए, म्हणजे तोच पॉइंटर, 7.84 आला. तिने हॉलमधून ओरडून सांगितला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत होते. जन्म गिरणीत गेला, गिरणी बंद पडली, तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष मुदत ठेवींकडे.

"सात पॉइंट चौऱ्याऐंशी? कुठल्या बँकेत? ज्येष्ठांना अर्धा टक्का वर देतायत का बघ."

"आजोबा, माझा रिझल्ट आहे. दहापैकी."

"दहापैकी सात म्हणजे सत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्के की गं!"

"तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी एका पतपेढीत हिशेब बघते. त्यामुळे दूधवाल्याच्या खाड्यांपासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत घरातली झाडून सगळी आकडेमोड माझ्याच गळ्यात पडते, तशी हीही पडली.

खरं सांगायचं तर गणित अवघड नाही. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. आठवड्याला एक तास याप्रमाणे सत्रात साधारण 15 तास शिकवलं की एक क्रेडिट; प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी दुप्पट तास घासायचे. विषयात जे मार्क पडतील त्यांचं आधी अक्षर होतं आणि मग अक्षराचा आकडा: ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, जेमतेम पास 4 आणि एफ म्हणजे भोपळा. हा आकडा गुणिले क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. झाला सत्राचा एसजीपीए. सगळी सत्रं अशीच क्रेडिटच्या वजनाने एकत्र केली की सीजीपीए. पतपेढीत आम्ही याला भारित सरासरी म्हणतो आणि त्यासाठी कुणी पदवी देत नाही.

मुक्ताचं एक सत्र मी किराण्याच्या यादीच्या पाठीवर मांडून बघितलं. गणित 4 क्रेडिट, बी, म्हणजे 24. डेटा स्ट्रक्चर्स 3 क्रेडिट, ए प्लस, 27. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टीम, दोन्ही 3 क्रेडिट आणि दोन्हींत ए, म्हणून 24 आणि 24. आणखी एक 3 क्रेडिटचा विषय, बी प्लस, 21. कम्युनिकेशन स्किल्स 2 क्रेडिट, ओ, 20. वर एकेका क्रेडिटची चार प्रॅक्टिकल्स, चारही ओ, 40. बेरीज 180, क्रेडिट 22, उत्तर 8.18.

"बघितलंस?" मुक्ता म्हणाली, "पॉइंटर प्रॅक्टिकलवरच निघतो. फाईल वेळेवर सबमिट करायची, ओरलला सरांकडे बघून हसायचं."

मी मात्र गणितापाशी अडले. तिथे तिला 54 मार्क होते. 55 असते तर बी चा बी प्लस झाला असता, 24 चे 28 झाले असते आणि 8.18 चा 8.36. एका मार्काने एवढी मजल! आणि पुढची गंमत अशी, की तिच्या विद्यापीठात 80 ला ओ मिळतो. एकदा 80 गाठले की पुढे 99 पडले तरी ओ तो ओच. म्हणजे 54 वरचा एक मार्क सोन्याच्या मोलाचा आणि 80 वरचे एकोणीस मार्क फुकट. शेजारच्या परांजपेकाकूंच्या मुलाला 96 होते, आमच्या हिला 80. दोघांना ओ. काकू तेव्हापासून जिन्यात भेटल्या तरी नीट बोलत नाहीत. खालच्या अंगालाही हाच न्याय. 38 मार्क काढून केटी लागलेला, म्हणजे विषय राहिलेला, आणि पेपरच्या दिवशी घरी झोपलेला, दोघांच्याही नावापुढे शून्य. झोपलेल्याची निदान झोप तरी झालेली असते.

या सगळ्यामागचा हेतू उदात्त होता, हे मान्य केलं पाहिजे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2015 च्या आसपास देशभरच्या विद्यापीठांना ही दहाची पट्टी दिली, ती मार्कांची साठमारी थांबावी, 71 वाला आणि 73 वाला एकाच पाटावर बसावेत, आणि या विद्यापीठातला मुलगा त्या विद्यापीठात गेला तर त्याचा निकाल तिथेही कळावा, म्हणून. पट्टी एक झाली. पण कुठल्या मार्काला कुठलं अक्षर द्यायचं, ते ज्याचं त्याने ठरवलं. कुठे ओ 80 ला, कुठे 90 ला. पवईच्या आयआयटीत तर अक्षरं जोडीने येतात, एए, एबी, बीबी, आणि सीजीपीएला म्हणतात सीपीआय. परांजपेकाकूंचा भाचा तिथे आहे. 'त्याचा सीपीआय नऊच्या वर गेला' हे ऐकून लालबागेत लाल बावट्याखाली उमेदीची वर्षं काढलेले अण्णा ताडकन उठून बसले. "नऊ जागा? केरळात का?"

बरं, पट्टी कुठलीही असो, शेवटी सगळे विचारतात टक्केच. मार्कांचे ग्रेड करायला विद्यापीठाने एवढा खटाटोप केला, आणि त्या ग्रेडचे पुन्हा मार्क करण्यात अख्खा महाराष्ट्र गुंतलाय. माझ्या मते या प्रकरणाचं सार एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

तपशील मात्र बहारदार आहे. टक्के काढायचं सूत्र ज्याचं त्याचं वेगळं. आमच्या नात्यात सर्वांत लोकप्रिय म्हणजे साडेनऊने गुणणे. हे सीबीएसईच्या दहावीचं. 2010 ते 2017 तिथे सीजीपीए होता, आणि 91 ते 100 मध्ये बसणाऱ्या मुलांची सरासरी 95 च्या आसपास येते म्हणून मंडळाने 9.5 चा गुणक काढला होता. दहावीची ती पद्धत गेली, गुणक लोकांच्या डोक्यात राहिला. आता पदवीला, पदविकेला, कशालाही लोक साडेनऊने गुणतात. त्याने मुक्ताचे होतात 74.48. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिचा तक्ता वेगळा. तिथे 6.25 म्हणजे 55 टक्के, 6.75 म्हणजे 60. थोडक्यात पाऊण वजा करा आणि दहाने गुणा. मग होतात 70.9. पुण्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या तोंडी 8.8 चा गुणाकार असतो. त्याने 68.99. आणि मुंबईच्या पोरांमध्ये चालतं ते सूत्र म्हणजे सव्वासातने गुणून वर अकरा मिळवायचे. त्याने 67.84. अण्णांच्या सरळ हिशेबाने 78.4.

पोरगी एक, परीक्षा त्याच, आणि टक्के सदुसष्टपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत कुठलेही. लग्नाच्या स्थळाला 78 सांगावेत, शिष्यवृत्तीला 68, आणि परांजपेकाकूंना काहीच सांगू नये.

त्या अकरा मिळवण्याच्या सूत्रावर माझं विशेष प्रेम आहे. त्यात दहापैकी दहा मिळवणाऱ्याला साडेत्र्याऐंशीच टक्के मिळतात, पण शून्यवाल्याला घरबसल्या अकरा. पाऊण वजा करणाऱ्या सूत्रात उलट शून्यवाला उणे साडेसातवर जातो, म्हणजे विद्यापीठाचं देणं लागतो.

आमच्यावर ही आकडेमोड ओढवली ती एका कंपनीच्या फॉर्ममुळे. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचा एक ठरलेला मंत्र असतो: थ्रूआउट सिक्स्टी, नो लाइव्ह बॅकलॉग. म्हणजे दहावी, बारावी आणि पदवी, सगळीकडे साठ टक्के, आणि राहिलेला विषय एकही नको. या फॉर्मात 'पदवीचे टक्के' असा रकाना होता, त्याखाली बारीक अक्षरात 'राउंड ऑफ करू नये' असं लिहिलं होतं, आणि त्या रकान्यात टिंब उमटत नव्हतं. 68.99 टाकायला गेलं की 6899 होत होते. मुक्ताने 68 टाकले. खाली दुसरी सूचना आली: विद्यापीठाचं रूपांतराचं प्रमाणपत्र जोडा.

रजा टाकून मी तिच्याबरोबर विद्यापीठात गेले. खिडकी क्रमांक चारवरून सातवर, सातवरून 'मॅडम जेवायला गेल्यात'वर. मॅडम आल्या, शांत होत्या. डबा चांगला असावा.

"प्रमाणपत्र कशाला हवंय? सूत्र मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं."

"मॅडम, मार्कशीट ऑनलाइन मिळालीय. पीडीएफ आहे."

"मग तिच्या मागे बघा."

मुक्ताने मोबाईल उलटा करून काचेसमोर धरला. मागे मांजराचं चित्र असलेलं कव्हर होतं. मॅडमनी ते बारकाईने पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्ज करा. चलन भरा. प्रत्येक सत्राची झेरॉक्स जोडा, दोन्ही बाजूंची."

मी अर्ज केला. दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडली. मागची बाजू कोरी आली, पण शिक्का तिच्यावरही बसला.

दरम्यान मुक्ताच्या डोक्यात बाहेर शिकायला जाण्याचं आलं. जर्मनीत माझी चुलत नणंद असते, तिने फोनवरच हिशेब घातला. तिकडे बव्हेरियन सूत्र नावाचा प्रकार आहे. सर्वाधिक गुणांतून तुमचे वजा करा, म्हणजे 10 वजा 7.84, बरोबर 2.16. त्याला सर्वाधिक वजा पासापुरते, म्हणजे 10 वजा 4, सहाने भागा. तीनने गुणा. एक मिळवा. उत्तर 2.08.

"आठाजवळ होती ना पोरगी?" सासूबाईंनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवून विचारलं. "दोनावर कशी आली?"

"आई, तिकडे कमी तितकं चांगलं असतं. एक म्हणजे सर्वोत्तम, चार म्हणजे काठावर पास."

"आणि अमेरिकेत?"

"तिथे चार म्हणजे सर्वोत्तम."

सासूबाईंनी पोळी उलटली. ती करपली होती. चार घेऊन न्यूयॉर्कला उतरलं तर हार, फ्रँकफर्टला उतरलं तर 'कसाबसा सुटला', या जगात पोळीकडे लक्ष राहील कुणाचं?

हे खूळ कुणी काढलं, हे मी एका रात्री झोप येईना म्हणून वाचून काढलं. अमेरिकेतल्या येल कॉलेजचे प्रमुख एझरा स्टाइल्स यांनी 1785 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची चार लॅटिन गटांत वाटणी करून रोजनिशीत नोंदवली होती. वरचा गट 'ऑप्टिमी', सगळ्यात खालचा 'पेजोरेस', म्हणजे आणखी वाईट. पुढे माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात 1897 च्या सुमाराला अक्षरांची पद्धत आली. स्टाइल्ससाहेबांची पद्धत मला सरळ वाटली. निदान पेजोरेसला साडेनऊने गुणायला कुणी सांगत नव्हतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने क्रेडिटची बँकही काढली आहे. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तुमचे क्रेडिट तिथे जमा होतात, शिक्षण मध्येच सोडलं तरी सात वर्षांपर्यंत वापरता येतात, दुसऱ्या कॉलेजात नेता येतात. कल्पना खरंच चांगली आहे. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावं लागलेल्या मुलींचं तरी भलं होईल. अण्णांना बँक म्हटल्यावर हुरूप आला.

"व्याज किती?"

"व्याज नाही, अण्णा."

"आणि सात वर्षांत नाही काढलं तर?"

"बुडालं."

"त्यापेक्षा पोस्ट बरं," म्हणून ते आत गेले.

मुक्ताला नोकरी लागली. प्रमाणपत्र त्यानंतर आलं. कंपनीत मुलाखतीला तिला कोडी घातली, कोड लिहायला लावला, मूळ गाव विचारलं; टक्क्यांचं नाव कुणी काढलं नाही. 68 चा तो आकडा गाळणीपुरता होता. साठाच्या खालची पोरं आधीच गाळली गेली होती, त्यातली किती सूत्रापायी गेली हे कोण बघणार?

मी सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात धाकट्याचा सीईटीचा निकाल आला. तिथे मार्क नाहीत, ग्रेड नाही, पॉइंटर नाही. तिथे पर्सेंटाईल. त्याला 98.2 आले. म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले अठ्ठ्याण्णव त्याच्या बरोबरीचे किंवा मागचे. प्रत्यक्षात पेपरात किती टक्के बरोबर आलं, हे त्यावरून कळत नाही. हे सगळं समजावून सांगायला मी किराण्याची यादी पालथी घातली, पेन घेतलं.

"अठ्ठ्याण्णव टक्के!" सासूबाई देवापुढे साखर ठेवत म्हणाल्या. अण्णांनी चश्मा पुसला. जिन्यातून परांजपेकाकू चक्क वर आल्या.

मी पेनाचं टोपण लावलं आणि नवऱ्याला अर्धा किलोऐवजी एक किलो पेढे आणायला सांगितले.