सातबाऱ्यावरून थेट उड्डाण

ज्यांची केळीची बाग वादळाने आडवी केली, ज्यांचा कापूस भाव वाढेल या आशेवर अजून घरातच पडून आहे आणि ज्यांच्या मुलाने बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतले आहे, अशा खानदेशातील समस्त पालकांनी शेतीचा बेभरवशाचा धंदा सोडून मुलाला आता विमान कंपनीत वैमानिक करावे. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. धुळ्याजवळ गोंदूरला आणि जळगावच्या विमानतळावर प्रशिक्षण मिळते, आणि शिकाऊ पोरांची एक इंजिनाची विमाने डोक्यावर इतक्या वेळा घिरट्या घालतात की शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया आता मानही वर करीत नाहीत.

पैसे आधी भरावेत, वैद्यकीय तपासणी नंतर करावी. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, वर्ग १ ची तपासणी आधीच उरकली, तर रंगांधळेपणा किंवा हृदयातला एखादा दोष फी भरण्यापूर्वीच कळण्याचा धोका असतो, आणि मग भाऊबंदांना पेढे कशाचे वाटायचे हा प्रश्न उरतो.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, त्यातले १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेली असावी लागतात, आणि लेखी परीक्षांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. हवामानशास्त्रात मुलगा अडकला तर त्याला बोल लावू नये. पावसाचा अंदाज या घराण्यात आजवर कोणालाच आलेला नाही. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यानंतर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चालवण्याचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीच्या विमानाची पात्रता, वेगळे करावे लागते आणि त्याचे लाखही वेगळे असतात, परंतु ते आज मोजू नयेत, कारण दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहिले की घरातल्या बायका प्रश्न विचारू लागतात.

परवाना हाती आला की नोकरी लागलीच, असे धरून चौकात फलक लावावा आणि त्यावर आमदारांच्या छायाचित्राशेजारी मुलाच्या नावामागे ‘कॅप्टन’ लिहावे. कंपनीत रुजू झालेल्या सहवैमानिकालाही खांद्यावरचा कॅप्टनचा चौथा पट्टा मिळायला काही वर्षे जातात, हे खरे. पण फलकावरचे पट्टे मोजतो कोण? २०२३ साली इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्या बातमीचे कात्रण देवघरात ठेवावे. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि त्याच २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, ती कात्रणे रद्दीत द्यावीत. नव्या विमानांना आधी अनुभवी कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, लागतात आणि २०० तासवाल्यांची रांग बाहेर उभी असते, असे कोणी सांगू लागल्यास त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

सोयरिकीच्या बैठकीत मात्र एक आकडा अवश्य सांगावा : वैमानिकाला वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. मुलीचे वडील लगेच भागाकार करतील आणि दिवसाला तीन तासांचेही काम नाही, असे उत्तर काढून प्रसन्न होतील. पहाटे तीनला उठणे, विमानतळावर ताटकळणे आणि परक्या गावच्या हॉटेलात भर दुपारी झोप येण्याची वाट पाहणे हे तास त्या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा आपणही धरू नयेत. श्वासाच्या चाचणीमुळे अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही बंदी आहे, हे सांगितल्यास जावई निर्व्यसनी असल्याची सरकारी हमी आयतीच मिळते. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर पुन्हा परीक्षा होते, आणि नोकरी सोडायची झाली तर सहवैमानिकाला सहा महिने व कमांडरला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. या गोष्टी लग्नानंतर कळल्या तरी चालतात.

राहिला पैसा. शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा राजी नसतात, म्हणून घर गहाण ठेवावे आणि उरलेल्या रकमेसाठी महामार्गालगतचा तुकडा विकावा. अभ्यासक्रम संपला की काही महिन्यांत हप्ते सुरू होतील. तोवर नोकरी लागली नसल्यास मुलाने नवशिक्यांना शिकवण्याचे काम धरावे. त्यासाठीही वेगळे रेटिंग आणि वेगळी फी लागते, पण तापीकाठचा तुकडा अजून आपल्याच नावावर आहे.