देणं न भागणारं भूत

फोंड्यातला वडाखालचा कट्टा. देवळातली सांजेची आरती आटोपली होती, भाजीपावाच्या गाड्यावर गर्दी होती. केशवला देवळाच्या मंडपात भुताचं नाटक उभं करायचं होतं, आणि वादाला तोंड फुटलं ते त्याच्याच एका वाक्यानं. "सूड घेणारी जपानी भुतं म्हणजे आपला देवचारच की!"

मास्तर उसळले. "देवचार राखणदार रे! खांद्यावर कांबळं, हातात दांडा, त्याची हद्द ठरलेली. त्याचा रोट, म्हणजे भाकरीचा नैवेद्य, चुकवलास तर रागावेल, पण रोट दिलास की मिटलं. ओन्र्योचं, म्हणजे त्या जपानी सूडाच्या भुताचं, तसं नाही. अन्यायानं मेलेला जीव तो, बहुतेक वेळा बाई. ह्या भुताचं देणं कशानं भागायचं, खरा प्रश्न तो आहे."

"गुन्हेगाराला मारलं की भागलं," केशव म्हणाला.

सुलूबायला हे पटेना. रंगभूषा आणि नेपथ्य हा तिचा प्रांत, त्यामुळे ती थेट काबुकीवर, जपानच्या पारंपरिक नाटकावर आली. १८२५ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, नाटककार त्सुरुया नानबोकुचं ओइवाचं नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं. शेजाऱ्यांना ओइवाचा नवरा इएमोन आपल्या नातीसाठी हवा असतो. ते औषध म्हणून विष पाठवतात आणि ओइवाचा चेहरा विद्रूप होतो. "मग लग्नाच्या रात्री इएमोन नवरीचं तोंड बघतो, तर समोर ओइवा. तो तलवार चालवतो आणि मुंडकं पडतं ते नव्या नवरीचं. ओइवानं बोटही लावलं नाही. मारणारा हात त्याचाच. नुसता गुन्हेगार मारून ती थांबते कुठे?"

यावर कुणाला चटकन उत्तर सुचलं नाही. मला स्वतःला सुलूबायचं म्हणणं पूर्ण पटतं. सूडाचं भूत भयानक वाटतं, कारण त्याची तक्रार शंभर टक्के खरी असते आणि तरी त्याचा वार भलत्याच माणसावर पडतो.

नंदूबाब कॅमेरेवाला. तो १९९८ च्या 'रिंगु' ह्या जपानी भयपटावर आला. शापित टेप बघितली की सात दिवसांत मरण. पत्रकार बाई विहिरीतून सादाकोची, म्हणजे त्या टेपमागच्या भुताची, हाडं बाहेर काढते. आपल्या हिशेबानं मोक्ष मिळाला, रोट पोचला. "आणि दुसऱ्या दिवशी ती टीव्हीतून बाहेर येते! बाई वाचते ती टेपची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली म्हणून. देणं भागलंच नाही, पुढच्याच्या नावावर चढलं."

"पण ती चालते कशी, ते सांग," केशव म्हणाला.

"नटी उलटी चालली, पाठमोरी मागे मागे, आणि फिल्म उलटी फिरवली. पाऊल पुढे पडतं, पण वजन आधी पडल्यासारखं दिसतं, म्हणून अंगावर काटा येतो. करायला गेलास तर फसशील ते केसांत आणि कपड्यात. फिल्म उलटी फिरली की वाऱ्यानं उडालेली बट आपणहून जागेवर परतते आणि बिंग फुटतं. म्हणून केस ओले, जड, तोंडावर चिकटलेले ठेवायचे. पंखा बंद. जमिनीवर धूळ नको, नाहीतर ती पायाखाली परत गोळा होताना दिसेल."

मास्तरांनी मध्येच १९७९ ची आठवण काढली. त्या वर्षी जपानभर फाटक्या तोंडाच्या बाईची अफवा पसरली होती. तोंडावर मास्क, हातात कात्री, आणि प्रश्न एकच, मी सुंदर आहे का? नाही म्हटलं तरी मरण, हो म्हटलं तर ती मास्क काढून तेच पुन्हा विचारणार. शिक्षक मुलांना घोळक्यानं घरी पाठवू लागले. सुटकेचे उपाय मुलांनीच काढले. 'ठीकठाक आहेस' म्हणायचं, गोळ्या फेकायच्या, किंवा तीनदा 'पोमेड' (केसांना लावायचं मलम) म्हणायचं.

"बघा, सुटका आहे!" केशव खूश झाला.

"ती मुलांनी जोडली. सुटकाच नसलेली गोष्ट रात्री एकट्यानं घरी जाताना पेलवत नाही रे, म्हणून. बाईची तक्रार मात्र कुणीच मिटवली नाही. नुसतं निसटायचं."

मग केशवनं मुद्द्याचं विचारलं. देवळाच्या मंडपात, दोन हॅलोजनवर, हे उभं करायचं कसं? तिथे फिल्म उलटी फिरत नाही.

सुलूबायनं बोटानं धुळीत चौकोन काढला. "ओइवा केस विंचरते तो प्रवेश घे. फणीबरोबर केस गळतात, समोर ढीग वाढतच जातो. काबुकीत रंगमंचाखाली बसलेला माणूस फटीतून केस वर ढकलत राहतो. आपल्याकडे खाली जागा नाही, तर दीड फूट उंच लाकडी खोका कर, वर वीतभर भोक, काळं कापड, आत एक सडपातळ पोरगा. काळ्या लोकरीचे दहा-बारा झुपके, प्रत्येक वेगळा बांधलेला. सगळे एकत्र कोंबलेस की भोकात अडकतात आणि मग ओढताना खोका हलतो. पहिले तीन झुपके सावकाश, लोकांना वाटलं पाहिजे की बाईचे खरंच केस गळताहेत. चौथ्यानंतर ढीग डोक्यापेक्षा मोठा होऊ दे."

"आणि रक्त?"

"ती गळलेले केस मुठीत पिळते तेव्हा थेंब पडतात. शेवटच्या झुपक्यात रंगात भिजवलेला स्पंज बांध. आधी पिळून घे, नाहीतर वर येतानाच गळेल. आणि खाली पांढरं कापड अंथर. काळ्यावर थेंब दिसत नाहीत."

"पण ह्यात भूत कुठे आहे?" केशवनं विचारलं. "ती तर अजून जिवंत आहे."

"तेच तर," मास्तर म्हणाले. "देणं चढतं ते इथे. लोकांना चढताना बघू दे."