गायतोंडेंचा रोलर: खुलासा

‘चित्रकार वासुदेव गायतोंडे रंगाचा रोलर एकदाच फिरवून चित्र संपवत’ हा नाशिकच्या चित्रकला विद्यार्थ्यांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. रोलर ते वापरत, पण पॅलेट नाइफही (रंग पसरवायची, खरवडायची बोथट सुरी). रंगाचे पातळ थर चढवत, काही जागी उतरवतही. म्हणून तर वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. जन्म १९२४, नागपूर, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका १९४८.

ही पद्धत करून बघणार असाल तर तेलरंगाचा खालचा थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा. ओल्यावर रोलर फिरवला की तो खालचा रंग उचलतो आणि सगळ्याचा चिखल होतो. पावसाळ्यात आणखी दिवस धरा. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त; उलट केलंत तर भेगा पडतात.